व्यक्ती क्रमांक चार

कोंडीराम गमरे यांची मेलेल्या माणसांबद्दल एकच तक्रार होती. ही मंडळी फोटो काढून न घेताच जातात.

त्यातही बायका फार. पुरुषाचा निदान मिलच्या पासावर चिकटवलेला, टपालाच्या तिकिटाएवढा, अर्धा शिक्क्याखाली गेलेला फोटो तरी निघायचा. बाईचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप. मागची रांग, डोक्यावर पदर, कडेवर पोर, आणि कॅमेऱ्याचा खटका दाबायच्या नेमक्या क्षणाला पोराचं नाक पुसायला वळलेली मान. असला फोटो रुमालात गुंडाळून नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, हिचा मोठा करून द्या. परवा पुण्यानुमोदन आहे." मोठा करायला गेलं तर पोराचा झाला असता. पोर चांगलं स्पष्ट आलेलं असायचं.

सगळे मास्तर म्हणायचे, पण गमरे कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ते मिलच्या डिझाईन खात्यात पातळांचे काठ काढायचे. चौकटीच्या कागदावर एक कोयरी बसवायची. ती साहेबाला पसंत पडली की पुढची दहा वर्षं तीच कोयरी अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या पावलांशी फिरायची. चांगली जमलेली कोयरी पुन्हा नव्याने काढत बसणं हा त्या खात्यात मूर्खपणा समजला जाई. मग संप झाला. खातं गेलं, साहेब गेला. उरली काळी पावडर, ती कागदावर चोळायची सुरळी आणि चौकटी पाडून लहानाचं मोठं करायची हाताची सवय. तेवढ्यावर त्यांनी मेलेल्यांचे मोठे फोटो काढून द्यायला सुरुवात केली. कुणाकडे पुण्यानुमोदन असे, कुणाकडे तेरावा. चौरंगावर ठेवायला फोटो दोघांनाही लागे.

काम कागदावर कमी आणि नातेवाइकांत जास्त चाले. पाच जण यायचे आणि पाच नाकं सांगायचे.

"नाक धारदार होतं वहिनीचं."

"कुठलं धारदार? बसकं होतं. माझ्यावर गेलेलं."

"तुझ्यावर कशी जाईल? ती मोठी का तू मोठा?"

गमऱ्यांनी यावर एक नियम केला होता. जो सगळ्यात जास्त रडतोय, त्याचं नाक धरायचं. नाकाचं असं भागायचं. पण ग्रुप फोटोत जे आलंच नाही त्याचं काय? कान, ओठांची कड, मानेचा उतार, पदराखालचा खांदा? त्यासाठी घरात रखमा होती. रखमा म्हणजे त्यांची बायको.

"अगं, जरा दोन मिनिटं बस. मान डावीकडे."

"डावीकडे स्टो आहे. भाकरी करपेल."

"मग स्टोकडेच बघ. मला तेच पाहिजे."

अशी ती बसायची, पीठ माखलेले हात मांडीवर ठेवून. आपण कशासाठी बसलोय हे तिनं विचारलं नाही. नवऱ्याचं काहीतरी काम आहे, एवढं तिला पुरत होतं. आणि गमऱ्यांना तर हाताशी एक उत्तम कोयरी मिळाली होती. रखमाचा कान म्हणजे नुसता बघत राहावा असा. तो लालबागच्या एका आत्याला लागला, मग परळच्या एका सासूला. कुठे ओठ गेले, कुठे मान गेली. घरच्यांनी काचेवर हात ठेवून रडायचं आणि म्हणायचं, "अगदी आमची म्हातारी!" तिथे गमरे काय बोलणार? नियम मात्र त्यांनी कडक पाळला. एका चाळीत एकदाच. करी रोडला दिलेला कान कॉटन ग्रीनला चालेल, पण त्याच चाळीत परत नाही. कुठली चाळ कधी झाली, हे त्यांच्या तोंडपाठ होतं. एवढं पाळल्यावर पकडलं जायचं काही कारणच नव्हतं. वेगवेगळ्या चाळींतल्या भिंती कधी एकमेकींना भेटायला जातात का?

या सगळ्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. थोडं मयताचं, थोडं रखमाचं; शिंप्याकडे नाही का ठिगळ जुळवत? वाईट वाटायचं ते एकाच फोटोचं.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीअखेर कॉटन ग्रीनहून एक माणूस आला होता. बायको तापानं गेली होती. नाव सुंदराबाई. सोबत नऊ वर्षांची मुलगी, दर्शना. आणि फोटो? फोटो नव्हता. लग्नातला नाही, पासावरचा नाही, कसलाच नाही. बापाला धड बोलता येत नव्हतं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती. गमऱ्यांनी दोन दिवस कागद पुढे ठेवून काढले, आणि तिसऱ्या दिवशी रखमाला स्टोकडे तोंड करून बसवलं. अठ्ठावीस वर्षांची रखमा, डोक्यावर पदर घेतलेली, त्यांनी जवळजवळ अख्खी उतरवली. फोटो नेऊन दिला तेव्हा दर्शना पुढे धावली, काचेला गाल लावला आणि म्हणाली, "आई."

तेव्हापासून दर जानेवारीत, सुंदराबाईच्या स्मृतिदिनाआधी, गमरे कॉटन ग्रीनला जायचे. काच उघडून बुरशी पुसायची, पावडर कुठे उडाली असेल तर हात फिरवायचा. दर्शना मोठी झाली, एका विमा कचेरीत लागली, लग्न झालं, नवरा गेला, बावन्न वर्षांची झाली; गमरे जात राहिले. ती त्यांना मास्तरकाका म्हणायची आणि चहाबरोबर दरवेळी नारळाची वडी ठेवायची. घरातून निघताना सकाळी ती फोटोकडे बघून "येते गं" म्हणायची, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

यंदा ते गेले तर दर्शना दारातच उभी. "काका, आधी बसा. एक गंमत दाखवते. घाबरू नका हां."

तिनं फोन पुढे धरला. फोनवर सुंदराबाईचा तोच फोटो. बघता बघता सुंदराबाईनं पापण्या मिटल्या, उघडल्या, मान डावीकडे वळवली आणि हसली.

गमऱ्यांच्या हातातली वडी बशीत पडली.

"ऑफिसातल्या अक्षतानं शिकवलं. जुना फोटो टाकायचा, एआय त्याला हलवतं. त्रेचाळीस वर्षांनी आई हसली, काका! मी काल किती वेळा बघितलं सांगू?"

गमरे बघत होते ती डावीकडे वळलेली मान. तिकडे आता भाकरी करपणार, असं त्यांना उगाच वाटून गेलं. आणि हसताना दात दिसत होते. मयताचे दात त्यांनी जन्मात काढले नव्हते.

"हे दात..." ते म्हणाले.

"आईचेच! वरचे दोन जरा मोठे होते तिचे."

"तुला आठवतात?"

"आता आठवले," दर्शना म्हणाली आणि तिनं परत सुंदराबाईला हसवलं.

बसमध्ये गमऱ्यांना आपल्याच धंद्यातला कोणी दुसरा भेटल्यासारखं वाटत राहिलं. तोही नसलेलं भरून देतो. तोही विचारत नाही.

पुढच्याच आठवड्यात मनवा आली. मनवा खोताच्या वाडीजवळ राहणारी, चित्रांचा अभ्यास करणारी मुलगी. वर्षभर तिनं गिरणगावातल्या घराघरांत जाऊन भिंतींवरच्या मयतांचे फोटो काढले होते. चाळी पडताहेत, लोक टॉवरमध्ये जाताना जुने मोठे फोटो टाकून देताहेत, त्याआधी नोंद व्हावी म्हणून. महिनाअखेरीला परळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. गमऱ्यांना या प्रकाराचं फार कौतुक होतं. करी रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून त्यांच्या कलेबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. लिफ्टवाल्याला तर ते रिटायर्ड तलाठी वाटायचे.

"काका, सहाशे चाळीस चित्रं झाली," मनवानं लॅपटॉप उघडला. "मी एआयला सांगितलं, कुठलं चित्र कुणाच्या हातचं ते वेगळं कर. तुमची एकशे दहा निघाली. सही नसलेलीपण ओळखली त्यानं."

"सही नसलेली कशी ओळखली?"

"कानावरून. तुम्ही कान फार सुंदर काढता."

गमरे सुखावले. पाठ भिंतीला लावून ऐसपैस बसले. ते सुख अर्धा मिनिट टिकलं.

"आणि मग धमालच झाली. हे बघा." पडद्यावर लहान लहान चौकोनांत चेहरे आले आणि चेहऱ्याचेहऱ्यांतून रेषा निघून एकमेकींत गुंतल्या. "या एकतीस चित्रांत त्याला एकच बाई दिसतेय. कुठे कान, कुठे ओठ, कुठे मान. कोण ते माहीत नाही, म्हणून आम्ही तिला नाव दिलंय, व्यक्ती क्रमांक चार."

लालबाग, परळ, करी रोड, कॉटन ग्रीन. सगळ्या भिंती पडद्यावर शेजारी शेजारी येऊन बसल्या होत्या. एका चाळीत एकदाच, हा नियम कंप्युटरला कुणी सांगितला नव्हता. त्याला चाळीच नव्हत्या.

"एक ते तीन कोण?" काहीतरी बोलायचं म्हणून गमऱ्यांनी विचारलं.

"त्या दुसऱ्या चित्रकारांच्या. एकाची मेहुणी असावी असं मला वाटतं."

इतक्यात व्यक्ती क्रमांक चार चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "साखर खाली बसलीय, हलवून घे गं."

मनवानं तिच्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. परत तिच्याकडे, जरा कानाच्या बाजूनं. "अय्या," ती म्हणाली.

मग रखमाला सगळं सांगावं लागलं. तिनं चष्मा आणला, पदर खोचला आणि पडद्याला नाक लावून बसली.

"ही कोण?"

"लालबागच्या मोहित्यांची आत्या," गमरे म्हणाले.

"हिला माझा कान काय करायचा होता?"

"तिचा पदराखाली होता."

"आणि हा? हा तर पुरुष! याला मिशा आहेत!"

"ते वरळीच्या मिलमधले जॉबर. त्यांच्या फोटोत डोळे मिटलेले आलेवते."

"म्हणून माझे लावलेत? मला मिशा काढल्यात तुम्ही?"

"डोळे चांगले होते तुझे. वाया का घालवायचे?"

"होते?"

"आहेत. अजून आहेत," गमरे घाईघाईनं म्हणाले.

रखमा हसायला लागली ती थांबेचना. "अगं मनवा, एवढ्या घरांत मी मेलेय आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही! आणि हे रोज समोर बसून माझ्या हातचं जेवतायत!"

मनवाही हसत होती. हसता हसता तिनं एक चित्र मोठं केलं. "आणि हे तर बघा, काकी. यात सगळ्यात जास्त तुम्हीच. एआय म्हणतं ब्याण्णव टक्के. हे आपण हॉलच्या मधोमध लावतोय. कॉटन ग्रीनच्या दर्शनाताईंकडचं."

रखमाचं हसू थांबलं. चष्म्यावरून तिनं नवऱ्याकडे बघितलं. "ही सुंदराबाई ना हो? तुम्ही दर वर्षी जाता ती?"

गमरे चहा हलवत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

"ते लावू नका," शेवटी ते म्हणाले.

"का? काका, किती छान गोष्ट आहे ही! फोटो नसलेल्या इतक्या बायकांना एका बाईनं आपला चेहरा दिला. मी बोर्डावर हेच लिहिलंय."

"दिला ते ठीक आहे, पोरी. त्याखाली जिचा पुसला गेला, ती पण कुणाची आई होती."

मुलगी गुणाची होती, तिला लगेच कळलं. "मी काढते ते. हॉलमधनं, वेबसाईटवरनंपण. पण काका, निमंत्रणं गेलीत. दर्शनाताईंचा परवा फोन आला होता, आईच्या फोटोशेजारी उभं राहून फोटो काढू देतील का म्हणून. त्यांनी नवीन साडी घेतलीय. त्यांना मी काय सांगू?"

"काच फुटली सांग."

"किती वर्षं फुटलेली ठेवणार काच?" रखमा म्हणाली.

"आणि हे आता कुणीपण करतं, काका. फोनमध्येच चेहरे जुळवून मिळतात. काकींचा तरुणपणीचा एखादा फोटो कुणी कुठे टाकला, की..." मनवानं वाक्य सोडून दिलं.

ती गेल्यावर गमऱ्यांनी दोन दिवस निरनिराळे बेत केले. रंग उडालाय म्हणून फोटो आणायचा आणि परत द्यायचाच नाही. नाहीतर चेहरा थोडा बदलून द्यायचा, नाक जरा बसकं करायचं. रखमा भाजी निवडता निवडता एकेक बेत ऐकून घ्यायची आणि निवडलेल्या देठांबरोबर टाकून द्यायची. "तिला कंप्युटरनं सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा. चेहरा तुम्ही लावला ना?"

रविवारी दुपारी गमरे कॉटन ग्रीनला गेले. दर्शना मेथी निवडत होती. भिंतीवर सुंदराबाई, तिच्या गळ्यात ताजा हार.

"परत कसे काय, काका? बुरशी राहिली का?"

"तुला एक सांगायचं राहिलंय."

"कधीपासून?"

"त्रेचाळीस वर्षं झाली."

"मग अजून पाच मिनिटं राहू दे. चहा टाकते," ती हसून उठायला लागली.

"बस," गमरे म्हणाले. बसमध्ये त्यांनी पाच प्रकारे बोलून बघितलं होतं. तोंडातून सहावाच प्रकार निघाला. "तो चेहरा तुझ्या आईचा नाही. माझ्या रखमाचा आहे. फोटो नव्हता, म्हणून मी तिला बसवून काढली."

दर्शनाचे हात चालूच होते. देठ पानांत पडत होते आणि पानं कचऱ्यात. मग तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी बघितला आणि म्हणाले, 'राहू दे.' तेवढंच म्हणाले. मी पुढे विचारलं नाही."

"बाबा मला म्हणायचे, आईला विचारून जा. परीक्षेला जाताना, कुठेही. मी हिला विचारून जायचे." तिनं भिंतीकडे बघितलं नाही. "काका, तुम्ही आता जा."

त्या घरातून चहा न घेता बाहेर पडायची त्यांची ही पहिली वेळ होती. जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की चपला उलटसुलट घातल्यात. तशाच घालून ते नाक्यापर्यंत गेले.

पुढचे चार दिवस दर्शनाचा फोन नाही. गमरे फोन हातात घेऊन खिडकीशी बसायचे. चौदाव्या मजल्यावरून दिसणाऱ्या गच्च्यांत कुठल्या चाळी होत्या आणि कुठल्या उरल्यात ते मोजायचे. कुठल्या चाळीत काय दिलं होतं, हे तोंडपाठ असलेलं आता पहिल्यांदाच नकोसं झालं होतं. इथे ओठ, तिथे मान. मोहित्यांची आत्या खरोखर कशी होती? कुणाला ठाऊक. ज्यांना ठाऊक होतं ते गेले. उरलेल्यांना ती गमऱ्यांनी सांगितली तशी ठाऊक होती.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात दर्शना, कचेरीतून परस्पर आलेली, काखेत चादरीत गुंडाळलेली तसबीर. गमरे उठले, पण ती त्यांच्याकडे आलीच नाही. सरळ आत जाऊन रखमासमोर खुर्ची ओढून बसली.

"काकी, जरा डोक्यावर पदर घ्या."

रखमानं काही न विचारता पदर घेतला.

"मान डावीकडे."

"किती?" रखमानं विचारलं. मग स्वतःच वळवली. सवय होती.

दर्शनानं तसबीर मांडीवर उभी धरली. एकदा काचेकडे, एकदा रखमाकडे, असं करत ती एकेक जागा बोटानं झाकत गेली. एकाहत्तर वर्षांच्या रखमाचा चेहरा सुरकुतला होता, पण हाडं तीच होती. "कान तुमचा. ओठ तुमचे. नाक... नाकपण तुमचंच. मान." तळहातानं तिनं अर्धी काच झाकली. कंप्युटरनं केलं तेच ती करत होती. फक्त तो ब्याण्णव टक्के शोधत होता आणि ती आठ.

"कपाळ तुमचं नाही," ती म्हणाली. आवाजात एकदम धार आली. "काकींचं कपाळ लहान आहे. हे मोठं आहे. काका, हे कपाळ कुणाचं?"

गमऱ्यांना खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, आणि या शब्दाला कुठलाही कंप्युटर पकडणार नव्हता.

"तुझं," ते म्हणाले. "तू भिंतीला टेकून उभी होतीस. म्हटलं, लेकीचं आईवर गेलं असेल."

दर्शनाचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. मग काचेवर खाली आला. "आणि हनुवटीवरचं गोंदण? हे तीन ठिपके?"

"ते तू सांगितलंस. मी विचारलं, आईची काही खूण होती का, तर तू बोट लावून दाखवलंस. तेवढं खरं आहे, दर्शना. तेवढं तिचंच आहे."

रखमानं सुटकेचा श्वास सोडला. गमऱ्यांनाही वाटलं, मिळालं काहीतरी. पण दर्शना त्या तीन ठिपक्यांकडे बघत तशीच बसली होती.

"मला सांगितलेलं आठवत नाही," ती म्हणाली. "मला ठिपके आठवतात, पण ते या फोटोतले. आई म्हटलं की मला हा फोटोच आठवतो, काका. आधीचं काहीतरी असणारच ना? नऊ वर्षं तिनं मला वाढवलं. जेवायला घातलं असेल, मारलं असेल. मी डोळे मिटले की काकीच येतात. आणि आता तर हसतात." तिनं फोन काढला, तो व्हिडिओ उघडला, बघितला नाही, तसाच पुसून टाकला. "दातसुद्धा मी आईचे म्हणून मान्य केले."

तिनं तसबीर परत चादरीत गुंडाळली. गमऱ्यांना वाटलं, इथेच टाकून जाणार. पण ती काखेत घेऊन उठली.

"ठेवतेस ना गं भिंतीवर?" रखमानं विचारलं.

"भिंत मोकळी बघवत नाही," दर्शना म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरली. चौदा मजले.

एकोणतीस तारखेला स्मृतिदिन. दर वर्षी आठवडाभर आधी बोलावणं यायचं, यंदा आलं नाही. गमऱ्यांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी बघतात तो रखमा पांढरी साडी नेसून दाराशी तयार.

"कुठे निघालीस?"

"कॉटन ग्रीनला. त्या पोरीच्या घरात त्रेचाळीस वर्षं राहिले मी. एकदा तरी पाय लावून येते."

गमरे मागोमाग निघाले.

दर्शनाच्या खोलीत बुद्धवंदना नुकतीच संपली होती. शेजारपाजारचे चार-पाच जण खीर घेऊन जात होते. टेबलावर पांढरं कापड, त्यावर सुंदराबाई, समोर मेणबत्त्या. गळा मोकळा. हार खाली ताटात पडला होता, न सोडलेल्या पुडक्यासकट.

"हार नाही घातलास?" रखमानं विचारलं.

दर्शनानं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. "मन होत नाही, काकी. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा? तुम्हाला काही झालं तर?"

"अगं, आपण असलं मानत नाही."

"नाही मानत. पण सकाळपासून तीनदा घेतला हातात. हात वर जात नाही."

"मी एकाहत्तरची झाले. मला काय व्हायचंय? घाल तू."

"नाही होत, काकी."

गमऱ्यांनी मान खाली घातली. फोटो होता म्हणून सुंदराबाईला इतकी वर्षं हार मिळत होता. आता फोटो रखमाचा निघाला, म्हणून तिचा हारही गेला. मरून त्रेचाळीस वर्षं झालेल्या बाईचं अजून काहीतरी काढून घेता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

रखमा उठली. पुडकं सोडलं, पानं बाजूला केली, हार झटकला. टेबलापाशी गेली आणि दोन्ही हातांनी तो आपल्याच अठ्ठावीस वर्षांच्या गळ्यात घातला; एका बाजूला जास्त आला होता तो नीट केला, आणि हात जोडून म्हणाली, "सुंदराबाई, जय भीम. माझ्या तोंडाकडे बघू नका. हार तुमचा आहे."

दर्शना पुढे आली. सवयीनं हात जोडले. डोळे मिटले, उघडले. तिची नजर फोटोवरून शेजारी उभ्या रखमाकडे गेली, तिथून परत फोटोकडे, परत रखमाकडे. तिनं पुन्हा डोळे मिटून बघितले.

"काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "रागावू नका. तुम्ही जरा बाहेर उभ्या राहता?"

रखमा चपला हातात घेऊन गॅलरीत गेली. गमरे तिच्या पाठोपाठ गेले आणि आतून दार लोटलं गेलं. दोघं कठड्याला टेकून उभे राहिले. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

"किती वेळ उभं राहायचं हो?" रखमानं दबक्या आवाजात विचारलं.

गमऱ्यांनी दाराला कान लावला. आतून काहीच आवाज येत नव्हता.